कच्च्या टाक्याचा कोट

सुरी

मेलेली माणसं उठून चालायला लागली त्याला आठवडा होत आला, तरी मास्तरांच्या घरात हत्याराचा निकाल लागेना.

सकाळी भोंग्याची गाडी गल्लीतून फिरून गेली होती. दिवस मावळायच्या आत ट्रक येईल, ज्याच्या-त्याच्या दारापाशी थांबेल, पण रेंगाळणार नाही. प्रत्येक मोठ्या माणसाच्या हातात एक हत्यार हवं. रिकाम्या हाताच्या माणसाला वर घेतलं जाणार नाही. हत्यार कुठलंही चालेल, मात्र डोक्यात घालण्याजोगं असावं. एवढं सांगून झाल्यावर गाडीने, बहुधा जुन्या सवयीने, पाणी जपून वापरा असंही सांगितलं आणि ती निघून गेली.

घर वर, शिवणाचं दुकान खाली. दुकानाचं शटर ओढलेलं, सगळे वर. सगळे म्हणजे मास्तर, सासूबाई आणि सून. सुनेचा नवरा काल सकाळी डॉक्टरांची पॅन्ट पोचवायला गेला होता, तो परत आला नव्हता. त्याच्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. हत्यारांबद्दल बोलत होते.

सुनेने स्वयंपाकघरातली सुरी पुढे केली. मास्तरांनी अंगठ्याने धार पाहिली.

"ह्याने टोमॅटो तरी कापला जातो का?"

"टोमॅटो नाही कापायचाय, बाबा."

"तेच म्हणतोय. टोमॅटोला जमत नाही ते डोक्याला काय जमणार."

शिवाय सुरीत एक खोट होती. ती वापरायला समोरच्याच्या मिठीत जावं लागलं असतं.

तवा

तवा द्यायला सासूबाई तयार नव्हत्या.

"घासून देते की, आई."

"मेलेल्याच्या टाळक्याला लागलेला तवा? आणि तो परत माझ्या शेगडीवर? हवा तर शेजारणीचा आण. तिचा तसाही बुडाला काळा आहे."

शेजारीण परवाच उठली होती आणि आपल्याच दारात येरझाऱ्या घालत होती. तिचा तवा आणायला जायचं तर आधी हत्यार हवं होतं. तव्याचा विषय तिथेच मिटला.

सासूबाईंनी स्वतःसाठी दुकानातली जुनी, जड विजेची इस्त्री वर आणली होती. मांडीवर मांजर घेऊन बसावं तशा त्या इस्त्री घेऊन बसल्या.

"गरम करून ठेवू का?" त्यांनी विचारलं.

"वीज कुठाय?"

"मग थंडच मारीन," त्या म्हणाल्या.

कात्री

घरात खरं हत्यार एकच होतं, आणि ते मास्तरांच्या कमरेला खोचलेलं होतं.

ती कात्री हातभर लांब होती. तिची पाती अशी, की जाड लोकरी कापडाचे चार थर एका दमात उतरावेत. पण त्या कात्रीने कापडाशिवाय काही कापायचं नाही, हा घरचा कायदा होता. कागद नाही, दोरा तोडायचा नाही, नखं तर नाहीच. सुनेने लग्न होऊन आल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्या कात्रीने एक पाकीट उघडलं होतं. त्यानंतर मास्तर तिच्याशी बोलले ते थेट पुढच्या महिन्यात, आणि तेव्हाही "मीठ" एवढंच.

"बाबा, जिवावर बेतलं तरी नाही वापरणार?"

"वापरीन की. कापडाला."

"उठलेल्यांच्या अंगावर कपडे असतातच."

मास्तरांनी ह्यावर खरोखर विचार केला. खिडकीतून खाली गल्लीत पाहिलं. मग म्हणाले, "कपड्यापर्यंत कापीन. पुढचं तू बघ."

इथे थोडं मागे जायला हवं

मास्तर कापायचे, त्यांचा मुलगा शिवायचा, आणि सून उसवायची. दुकानातली कामाची उतरंड अशी होती. लोक जाड व्हायचे, बारीक व्हायचे, थोरल्याची पॅन्ट धाकट्याला यायची. हे सगळं सुनेच्या वाट्याला. तिच्याकडे उसवणी होती, म्हणजे बोटाएवढी, टोकाला दोन दात असलेली, टाका उचलून तोडायची वस्तू. तिला कुणी हत्यार म्हटलं नसतं. मास्तर तर तिच्याकडे बघतही नसत. आपण शिवलेलं कुणीतरी सोडवतंय ही कल्पना त्यांना सहन होत नसे. सून उसवायला बसली की त्यांना हटकून चहा प्यायला जायचं असायचं.

कारण मास्तरांची शिवण उसवत नाही, असा गावभर लौकिक होता. दुहेरी शिलाई, बारीक टाका, आणि शेवटची गाठ कुठे लपवलेली ते देवाला ठाऊक. समोरून उघडणारा शर्ट तर ते शिवतच नसत. बटणपट्टी म्हणजे कपड्यातली चोरवाट, असं त्यांचं मत होतं. मास्तरांचा सदरा डोक्यातूनच घालायचा आणि डोक्यातूनच काढायचा. निम्मं गाव, बायकासुद्धा, तेच सदरे घालायचं. कापड विरून जायचं, रंग उडायचा, शिवण मात्र जागच्या जागी.

आणि नवऱ्याचा कोट. मास्तरांनी सगळ्यांना कोट शिवले, पोटच्या पोराला नाही. आधी गिऱ्हाइकं, मग घर. शेवटी सगळी गिऱ्हाइकं उठून चालायला लागल्यावर मास्तरांना सवड मिळाली. कोट मापाला उभा केला होता, पांढऱ्या दोऱ्याच्या लांब लांब कच्च्या टाक्यांवर. बाह्या टाचलेल्या, पाठ टाचलेली, पक्की शिलाई कुठेच नाही. काल सकाळी तो अंगात घालून नवरा आरशासमोर उभा असतानाच डॉक्टरांचा फोन आला. गाव सोडून निघालोय, पॅन्ट आत्ताच्या आत्ता हवी, ह्या फाटक्या पॅन्टीत पळता येत नाही. नवऱ्याने पुडकं उचललं आणि तसाच निघाला.

"अरे, ट्रायलचा कोट आहे! काढ आधी!" मास्तर जिन्यातून ओरडले.

"आलोच," तो म्हणाला.

तेव्हा आपल्या गल्लीत शेजारीण आणि पोस्टमन सोडले तर एकही उठलेला नव्हता.

कात्री, पुन्हा (ह्यात कात्री नाही)

काल संध्याकाळी समोरचे घड्याळवाले काका गेले. तिघांनीही खिडकीतून पाहिलं.

उठलेल्यांना पळता येत नव्हतं, जिना नीट चढता येत नव्हता, अक्कल तर नव्हतीच. त्यांच्याकडे एकच गोष्ट होती, मूठ. हाताला जे लागेल ते धरायचं आणि मग सोडायचं नाही. काका चपळ होते. ते तिघांना चुकवून स्वतःच्या दारापर्यंत पोचलेही. पण मागून एकीने त्यांच्या सदऱ्याची पाठ मुठीत धरली. काकांनी हिसडा दिला. पुन्हा दिला. दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून असे खेचले, की दुसरा कुठलाही सदरा टर्रकन फाटून त्यांना मोकळं करता झाला असता.

"बघितलंस?" मास्तर नकळत बोलून गेले. "एक टाका हलला नाही."

बोलून झाल्यावर त्यांना काय बोललो ते कळलं. ते आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. सासूबाईंनी खिडकीचा पडदा ओढला. तोही मास्तरांनीच शिवलेला होता.

डावी बाही

तर दुपार कलायला आली होती. सासूबाईंची इस्त्री, मास्तरांची न वापरायची कात्री, सुनेचा हात रिकामा. तिने कापड मोजायचा लाकडी गज उचलून पाहिला. लांब होता, हलका होता. एका टोल्यात मोडला असता.

तेवढ्यात गल्लीच्या वळणावरून पोस्टमन आला. हा उठून चार दिवस झाले होते आणि तो अजून आपल्या ठरल्या वाटेनेच फिरत होता. दर दारापाशी थांबे, मग पुढे जाई. आज त्याच्या मुठीत काहीतरी लोंबत होतं.

राखाडी बाही होती. खांद्याच्या कडेला पांढरे दोरे.

मास्तरांनी एकदाच पाहिलं. कापड त्यांनीच निवडलं होतं. ते खाली बसले.

"गेला," ते म्हणाले.

सासूबाईंच्या मांडीवरून इस्त्री घसरली आणि धाडकन जमिनीवर पडली. कुणी उचलली नाही.

सून मात्र खिडकीतच होती. पोस्टमन सवयीने त्यांच्या शटरपाशी थांबला, तेव्हा ती कमरेपर्यंत बाहेर वाकली, गज खाली नेला आणि त्याच्या टोकावर बाहीची वरची कड उचलून धरली. पोस्टमनने मान वर करून जबडा वासला. तिचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं.

"पडशील!" सासूबाई ओरडल्या. "धरा तिला कुणीतरी!"

"आई, ही फाटलेली नाही."

"काय?"

"फाटली असती तर कडेच्या चिंधड्या झाल्या असत्या. कड सरळ आहे. दोरा निघून आलाय नुसता." तिने गज फिरवला. "अस्तरही कोरं आहे. डाग नाही." ती आत आली. तिचे केस सुटले होते. "बाबा, बाही धरली गेली आणि बाही निघून आली. तो नाही आला तिच्याबरोबर. तो सुटलाय."

मास्तर भिंतीकडेच बघत होते. "कच्चा टाका होता," ते हळूच म्हणाले.

"तेच तर."

उजवी बाही

ही थोड्याच वेळाने आली. पेपर टाकणाऱ्याच्या मुठीत, त्याच वळणावरून. तीही कोरी.

हत्याराचा विषय राहूनच गेला

"एक बाही गेल्यावर शहाणा माणूस घरात लपून बसतो," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी इस्त्री उचलून पुन्हा मांडीवर घेतली होती. "ह्याची दुसरी कशी गेली?"

"तो घरी यायला बघतोय," सून म्हणाली. "वळणाच्या पलीकडेच आहे कुठेतरी. निघतो, धरतात, सुटतो, मागे जातो. परत निघतो."

"बापावर गेलाय. एकदा सांगून कळत नाही."

"आता त्याच्या अंगावर पाठ राहिली आणि पुढचे दोन पल्ले. पाठ गेली की पल्ले आपोआप गळणार. मग कोट संपला."

"मग?"

सुनेने मास्तरांकडे पाहिलं. "कोटाच्या आत काय घातलंय त्याने?"

सगळ्यांना माहीत होतं काय घातलंय. दुहेरी शिलाईचा, बारीक टाक्याचा, डोक्यातून घालायचा सदरा.

सून दुकानात गेली, आपली उसवणी आणि पांढऱ्या दोऱ्याचं रीळ घेऊन वर आली. आतल्या खोलीत जाऊन अंगातला, मास्तरांनीच शिवलेला सदरा बदलून आली, काढलेला मांडीवर घेतला आणि काखेपासून उसवायला लागली. बाह्या सोडवल्या. खांदे सोडवले. बाजू सोडवल्या. खिशाला तर तिने दोनच टाके ठेवले. मास्तर सवयीने चहाला उठले. मग चहा नाही, वीज नाही, बाहेर जायला गल्लीही नाही, हे आठवून पुन्हा बसले. त्यांना बघावं लागलं. ती एकेक गाठ अशी शोधत होती, जणू ती तिनेच लपवली होती.

"खांद्याची गाठ तुला कोणी दाखवली?" त्यांनी विचारलं.

"इतकी वर्षं काय करतेय मी ह्या घरात?"

मग तिने सगळं परत जोडलं, लांब लांब, सैल, पांढऱ्या दोऱ्याने.

"तुमचाही करून देऊ का, बाबा? ट्रक येईपर्यंत होईल."

"माझा राहू दे," मास्तर म्हणाले.

"आई?"

सासूबाईंनी आधीच हात वर करून ठेवले होते. "काखेत गुदगुल्या करू नकोस फक्त."

पाठ

पाठ शेजारणीने आणली. तीच ती, काळ्या बुडाच्या तव्याची. ती केव्हा येरझाऱ्या सोडून वळणापर्यंत गेली होती कुणी पाहिलं नव्हतं. कोटाची पाठ ती फरशी पुसायच्या फडक्यासारखी फरफटवत आली.

सून उठली. कच्चा सदरा घातला, रीळ कमरेला खोचलं, उसवणी दातांत धरली.

"अगं, हत्यार!" सासूबाईंनी इस्त्री पुढे केली.

"जड आहे, आई."

मास्तरांचा हात कमरेकडे गेला. कात्रीच्या दांड्यावर थोडा वेळ थांबला. आणि तिथेच राहिला.

सून शटर गुडघाभर उचलून खालून सरकली.

सदरा

शेजारणीने दारातच तिची डावी बाही धरली. बाही निघून आली. शेजारीण जागीच थांबली. तिच्या दोन्ही मुठी आता भरल्या होत्या.

हे सुनेला आधी सुचलं नव्हतं. मूठ भरली की माणूस निकामी. मग तिने पुढचा प्रकार जवळजवळ वाटपासारखाच केला. पेपरवाल्याच्या मोकळ्या हातात उजवी बाही दिली. एका अनोळखी बाईला खिसा दिला, पण खिसा लहान पडला, तेव्हा तिला बाजूची पट्टी द्यावी लागली. वळणापर्यंत पोचली तेव्हा तिच्या अंगात जे उरलं होतं त्याला सदरा म्हणणं मास्तरांनी मान्य केलं नसतं.

नवरा औषधांच्या दुकानाच्या पायरीवर उभा होता. उभा म्हणजे टाचा उचलून. दुकानाच्या सरकत्या जाळीला त्याची पाठ चिकटली होती, आणि जाळीच्या आतून औषधवाल्याचा हात बाहेर येऊन त्याची कॉलर मागून मुठीत पिळून बसला होता. सदऱ्याचा गळा त्याच्या गळ्यात रुतला होता. समोरून उघडत असता तर तो केव्हाच त्यातून बाहेर पडला असता. औषधवाला जाळीतून दात पोचवायला बघत होता. दात जाळीवर वाजत होते.

"तू कशाला आलीस?" नवरा घशातून बोलला.

"हलू नकोस. मान पुढे."

"पुढे केली तर मरेन."

"मागे केलीस तरी मरशील. पुढे."

त्याने केली. तिने उसवणी दातांतून काढली.

"कात्री नाही आणलीस?"

"बाबा देणार आहेत का?"

त्याने तशातही विचार केला. "नाही."

"डॉक्टर भेटले?"

"भेटले. पॅन्ट घालूनच उठलेत. फिटिंग चांगलं आहे."

तिने कॉलर चाचपली. समोरच्या टोकाला गाठ नव्हती. तिथे कुणीही शोधलं असतं. मागे मध्यावरही नव्हती. तिथे आता औषधवाल्याची बोटं होती. तिने तर्जनी आत सारली आणि उजव्या खांद्याच्या जरा पुढे, पट्टीच्या पोटात, तांदळाच्या कणीएवढं काहीतरी टोचलं. मास्तरांची गाठ. ती इतकी वर्षं तिला शिव्या देत सोडवत आली होती.

"जरा लवकर," नवरा म्हणाला. पायरीखाली पोस्टमन येऊन थांबला होता. त्याची एक मूठ अजून मोकळी होती.

"तुझ्या वडिलांना सांग बारीक टाका घालू नका म्हणून."

"तूच सांग."

"मी सांगितलं तर महिनाभर बोलत नाहीत."

गाठ तुटली. पुढचे टाके तिने मोजले नाहीत, एकेक उचलत गेली. एका जागी औषधवाल्याचं बोट आड आलं, तेव्हा तिने खालून वळसा घातला. मग नवऱ्याने सगळं अंग पुढे टाकलं आणि उरलेली शिवण एका लांब कुरकुरीने सुटली. मास्तरांची शिवण सुटताना कशी वाजते हे दोघांनीही प्रथमच ऐकलं.

औषधवाल्याच्या हातात कॉलर राहिली. तो जाळीआड शांत झाला, कॉलर धरून, माप तपासत असल्यासारखा. पोस्टमनच्या रिकाम्या मुठीत सुनेने आपल्या सदऱ्याची पाठ दिली आणि कमरेचं घसरतं रीळ नवऱ्याच्या खिशात कोंबलं.

"पळ," ती म्हणाली.

कात्री, शेवटची

ट्रक दाराशी उभाच होता. मागच्या फळीवर एक टोपीवाला हत्यारं तपासत होता. सासूबाई इस्त्रीसकट वर बसल्या होत्या. मास्तर खाली, एक पाय फळीवर, एक रस्त्यावर; पुढेही जात नव्हते, मागेही येत नव्हते. टोपीवाला त्यांच्या नावाने ओरडत होता.

मग वळणावरून दोघं आली. मुलाला गळा नव्हता, म्हणजे सदऱ्याला. सुनेच्या अंगावर आतल्या कपड्यांवर दोन चिंध्या आणि पुष्कळसा पांढरा दोरा.

"हत्यार?" टोपीवाल्याने सुनेला विचारलं.

तिने उसवणी दाखवली.

"हे काय आहे?"

"टाके काढायचं."

"डोक्यात घालता येतं?"

"येतं," ती म्हणाली. इतकं खोटं ती आयुष्यात बोलली नव्हती. टोपीवाला कंटाळला होता. त्याने तिला वर घेतलं.

"आणि ह्याचं?"

मुलाकडे काहीच नव्हतं. मागून गल्लीतून उठलेले येत होते, कोटाचे आणि सदऱ्याचे तुकडे मुठीत धरून.

मास्तरांनी कमरेची कात्री काढली. मुलाच्या हातात दिली. स्वतः शटरला टेकवलेला गज उचलला, जो कुणालाही चालला नसता. पण टोपीवाला कात्रीकडेच बघत राहिला आणि गज त्यातच चालून गेला.

"कापडालाच," मास्तर म्हणाले.

"हो, बाबा."

ट्रक निघाला. मागे पुष्कळ माणसं दाटीवाटीने बसली होती आणि त्यांतल्या निम्म्यांच्या अंगात मास्तरांचेच सदरे होते. मास्तर ते बघत होते. खांदे, काखा, कॉलरी. पहिल्यांदाच ते असे बघत होते, एकेक.

"कुठून सुटली?" त्यांनी विचारलं, सुनेकडे न बघता.

"उजव्या खांद्यापुढच्या गाठीपासून."

"हं. बरोबर आहे. तिथूनच सुटते."

मग त्यांनी आपला डावा हात उचलून तिच्यापुढे धरला आणि काख उघडी केली.

"घे," ते म्हणाले. "माझं झालं की त्या लाल सदऱ्याला घे. तोही माझाच आहे."